अक्रोडसाहेबांचे तीन सामने

हडपसरच्या आमच्या मळ्यात सकाळ आधी कानांना कळायची आणि मग डोळ्यांना. कालव्याचं पाणी पाटात शिरताना आधी नुसतं चुळबुळायचं, मग एका लयीत वाहू लागायचं. विहिरीवरचं तेलाचं इंजिन दोनदा ठसकायचं आणि फटफट करत सुरू व्हायचं. आईचे हात परातीत भाकरी थापत असायचे, आणि त्या थापांमध्ये, थोडा लांबून, आणखी एक आवाज मिसळायचा. धप्. मग जरा थांबून पुन्हा धप्. अंथरुणात पडल्या पडल्या मला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच मळ्यात पहाट अशी होते. हा चौथा आवाज फक्त आमच्याकडेच आहे, आणि तो एक साठीचा इंग्रज माणूस इंजिनघराच्या भिंतीवर चामड्याचा चेंडू फेकून झेलत असल्याचा आहे, हे फार उशिरा उमगलं. आता त्या जागेवर चौदा मजली इमारती आहेत आणि त्यांतल्याच एकीत नवव्या मजल्यावर मी राहते. पहाटे जाग आली की अजून कान त्या दिशेला लागतात. लिफ्टच्या दाराच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही.

त्या माणसाचं आडनाव अॅक्रॉइड. आमच्याकडे कुणाची जीभ तशी वळणार नव्हती, म्हणून तो अक्रोडसाहेब झाला आणि त्यानेही ते विनातक्रार मान्य केलं. दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर पुण्यात आला होता. लढाई संपल्यावर एकदा मायदेशी जाऊन आला, आणि मग एका कारखान्याच्या कोठारावर नोकरी धरून इथेच राहिला. इंजिनघराला लागून असलेल्या दोन खोल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला भाड्याने दिल्या, त्या माझ्या जन्माआधीच. मराठी तो कामगारांकडून आणि माझ्या आईकडून शिकला, त्यामुळे ती अस्सल हडपसरची होती. लांबून पाठमोरा बोलताना ऐकला तर कुणी म्हणालं असतं, शेजारच्या मळ्यातला माणूस बोलतोय. आईला तो वहिनी म्हणायचा. "वहिनी, आज मेथी हाय काय?" एवढं विचारून ओट्यावर बसायचा आणि दुधात कुस्करलेली शिळी भाकरी चमच्याने खायचा. चमचा ही त्याची विलायतेची उरलेली एकमेव खूण, असं आई म्हणायची.

पण गावाला त्याची एक मोठी खूण ठाऊक होती. अक्रोडसाहेब तरुणपणी विलायतेत पगारी फुटबॉल खेळाडू होता, गोल राखणारा गोली होता. त्याच्या खोलीत एक फोटो टांगलेला असे. तीन रांगांत उभी-बसलेली माणसं, मागे धुरकट आभाळ, आणि मधल्या रांगेच्या अगदी कडेला जाड लोकरी स्वेटर घातलेला एक उंच तरुण. या एका फोटोतून गावाने काय काय उभं केलं होतं! साहेब विलायतेच्या राजापुढे खेळला. राजाने त्याच्याशी हात मिळवला. लाख माणसांसमोर त्याने असा चेंडू अडवला की विरुद्ध बाजूच्या लोकांनीही टोप्या उडवल्या. या गोष्टी सांगण्यात सगळ्यात पुढे आमचे आबा असत. रोज पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन ते मंडईत जायचे, आणि गाळ्यागाळ्यावर कोबी-फ्लॉवरबरोबर साहेबही पोचवून यायचे. "आमच्या मळ्यात राजापुढं खेळलेला गोली ऱ्हातो," असं त्यांनी म्हटलं की वांग्यांचा दर जरा वर चढतो, असं आई हसून म्हणायची. साहेब यावर कधी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

मी त्याच्याकडे शिकू लागले ते कोबीमुळे. संध्याकाळी वावरात कोबीचा ढीग लागायचा आणि तो टेम्पोत चढवायचा असायचा. आबा खालून गड्डा फेकायचे, मी टेम्पोत उभी राहून झेलायचे आणि रचायचे. एकदा साहेब कामावरून येताना सायकल धरून बघत उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "शके, तुझं हात ब्येस हायत. पाय झोपल्यात." मी रागाने विचारलं, कोबीला पाय कशाला लागतात? तो म्हणाला, "पाय आधी जात्यात, हात मागनं येत्यात. उद्या सकाळी ये, दावतो." मी गेले, आणि मग रोजच जात राहिले. पेरूची दोन झाडं आमचा गोल होती. त्यांच्यामधली जमीन तो आदल्या दिवशी कुदळीने भुसभुशीत करून थोडी भिजवून ठेवायचा, म्हणजे पडल्यावर लागत नसे. चार वर्षं मी त्या काळ्या मातीत पडत होते. हिवाळ्यात कालव्यावरून धुकं यायचं आणि चेंडू त्या धुक्यातून अचानक जन्मल्यासारखा समोर यायचा. फेकणारा माणूस दिसत नसे, नुसता आवाज यायचा: "फुडं हो. फुडं हो. थांब." आज आठवलं तर ते सगळं मी पाण्याखालून बघत असल्यासारखं वाटतं. इतकं संथ, इतकं मऊ.

मी शहरातल्या मुलींच्या कॉलेजात गेले त्या वर्षी तिथे मुलींचा फुटबॉल संघ उभा राहत होता. तोवर मुली फुटबॉल खेळतात हे आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं. खेळाच्या शिक्षिका लिमये मॅडम, सदाशिव पेठेतल्या, काटक आणि तिखट. मी गोलीसाठी नाव द्यायला गेले तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. तो प्रवास लवकर संपला. "उंची तर नाहीच. निदान धीर आहे का, की तोही घरी विसरलात?" पण पहिल्याच दिवशी मी तीन चेंडू पोटाशी धरले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणीतरी शिकवलंय तुम्हाला. सांगू नका, ओळखते मी." संघात दुसरी गोली होती नूर शेख, कॅम्पातली. तिचे वडील रेसकोर्सच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. नूर माझ्याहून वीतभर उंच, आणि चेंडूकडे अशी बघायची जणू तो तिच्याकडे काहीतरी उसनं मागायला आलाय.

घरी विचारायचा प्रश्न आला तेव्हा आबांनी मला काहीच विचारलं नाही. ते इंजिनघराशी गेले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी खेळंल का?" साहेब म्हणाला, "खेळंल." आबा परत येऊन आईला म्हणाले, "राजापुढं खेळलेला मानूस सांगतोय. आपन कोन न्हाई म्हननार?" आईने माझी चड्डी गुडघ्याखाली दोन बोटं शिवली आणि विषय संपला. एवढं सोपं होतं ते. किती बारीक काडीवर उभं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

कोल्हापुरात मुलींचे सामने भरणार होते आणि आमचा संघ जाणार होता. त्याच्या साधारण दहा दिवस आधी साहेबाची भाची आली. जीन तिचं नाव. भारत बघायला निघालेली, तीन दिवस मामाकडे थांबणार होती. चाळिशीची, हसरी बाई, उन्हाने नाक लाल झालेलं. आईने दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि शेवयांची खीर केली. ओसरीवर पंगत बसली. आबांना त्या दिवशी दोन गोष्टींचा अभिमान होता, एक साहेबाचा आणि दुसरा माझ्या इंग्रजीचा. साहेब शेजारी बसलेला असताना ते मलाच म्हणाले, "शके, तू सांग तिला. म्हनावं, तुझा मामा राजापुढं खेळलेला मानूस, आमच्या मळ्यात ऱ्हातो, आमची शान हाय."

मी अडखळत सांगितलं. जीनला आधी नीट समजलं नाही, मग ती हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ती म्हणाली, मामा? राजापुढे? कुणी सांगितलं? तो आमच्या गावच्या क्लबात नऊ वर्षं राखीव गोली होता. पहिला गोली आजारी पडला किंवा त्याला बाकावर बसवला तरच खेळायचा. त्याची बहीण, म्हणजे माझी आई, सांगायची, सगळे मिळून तीन सामने खेळला असेल. मग लढाई सुरू झाली, खेळ बंद पडला, आणि परत गेला तेव्हा त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता. एवढं बोलून तिने भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

"काय म्हनली?" आबांनी विचारलं.

मला आठवतं, रश्श्यावर तर्रीचं एक गोल वर्तुळ तरंगत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते. साहेब खाली मान घालून बसला होता. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. त्या पंगतीत सगळं समजलेली माणसं आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "ती म्हणते, त्यांच्या गावात अजून लोक मामांचं नाव काढतात."

आबांची छाती फुगली. "मग! सांगतोय काय मी!"

साहेबाने चमचा ताटात ठेवला. "तसं न्हाई म्हनली ती, आबा," तो म्हणाला. "पोरगी माज्यासाठी खोटं बोलली. तीन मॅची. नऊ वर्सांत तीन. राजाबिजा मी फोटूतच बघितला." जीन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. आबांनी विचारलं, "आन् मग इतकी वर्सं बोलला न्हाईस?" साहेब म्हणाला, "आधी नीट सांगायला भाषा नव्हती. भाषा आली तवर गोष्ट मोठी झाली व्हती."

आबा अर्ध्या जेवणावरून उठले. आमच्या घरी पाहुणा ताटावर असताना यजमान उठला, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. हात धुऊन ते म्हणाले, "आख्ख्या मंडईत सांगितलंय मी." आणि मग माझ्याकडे न बघता, "कोल्हापूर-बिल्हापूर काय न्हाई. ज्याला सोताला जमलं न्हाई त्यानं शिकवलेलं काय खरं?" खिरीला त्या दिवशी घरच्या कुणी हात लावला नाही. जीनला आईने बळेच वाटीभर दिली, ती तिने रडत रडत खाल्ली. आपण काय केलं हे तिला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरचा आवाज बंद झाला. जीन गेली. मी पेरूच्या झाडांकडे फिरकले नाही. मला आबांचा राग येत नव्हता, साहेबाचा येत होता. चार वर्षं ज्या हातांवर विश्वास ठेवून मी मातीत अंग टाकलं ते हात तीन सामन्यांचे निघाले, हे मला फसवणुकीसारखं वाटत होतं. सतरा वर्षांच्या मुलीला मोठेपणा मोजायला आकडाच लागतो. त्या चार सकाळी पाण्याचा, इंजिनाचा आणि भाकरीचा असे तीनच आवाज आले, आणि त्या तीन आवाजांत मला झोप लागेना, की नीट जागही येईना.

पाचव्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली. नूरचं नाव वर होतं. माझं सगळ्यात शेवटी, आणि त्यापुढे कंसात एक शब्द: राखीव. लिमये मॅडम मागे उभ्या होत्या. "राखीव म्हणजे शोभेची कुंडी नव्हे," त्या म्हणाल्या. "तोंड तेवढं सरळ करा. यायचं की नाही ते उद्या सांगा." घरून परवानगी नाही हे मी त्यांना सांगितलंच नाही. बसने घरी आले ती सरळ इंजिनघराशी गेले. साहेब पायरीवर बसून सायकलच्या चाकाची हवा बघत होता. मी दप्तर न उतरवताच विचारलं, "राखीव असलं की काय करायचं असतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. "बस," म्हणाला. मी उभीच राहिले. "रोज सकाळी पयल्या गोलीच्या आधी मैदानात जायाचं," तो सांगू लागला. "सगळ्यांच्या लाथा झेलायच्या. शनवारी मॅच आसली की चांगलं कापड घालून बाकावर बसायचं. तिथनं चेंडू बघायचा न्हाई. चेंडू समदेच बघत्यात. बाकावरनं गोलीचं पाय बघायचं." मी विचारलं, वाईट नाही वाटायचं? तो म्हणाला, "वाटायचं की. थंडीत जास्त." मग मी दप्तर उतरवून त्याच्याशेजारी पायरीवर बसले. पाटाच्या पाण्यावर संध्याकाळचा उजेड लांब पसरत गेला आणि पेरूची झाडं हळूहळू काळी झाली. माझा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. तो त्या उजेडाबरोबरच कुठेतरी मावळला असावा.

त्यानंतरच्या सकाळी आबा मंडईतून लवकर परत आले. टेम्पो उभा करून घरात न येता ते इंजिनघराकडे गेले. आई चुलीपुढून उठून दारात उभी राहिली, मी तिच्या मागे. काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं. दोघं पायरीवर शेजारी बसले होते, मध्ये चहाचा एक कप ठेवलेला, आणि तो दोघांपैकी कुणीच उचलत नव्हतं. बऱ्याच वेळाने आबा आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "जा." बस्स, एवढंच. पुष्कळ वर्षांनी, माझी मुलगी शाळेत जाऊ लागली होती तेव्हा, मी त्यांना विचारलं की त्या दिवशी काय झालं होतं. ते म्हणाले, "म्या इचारलं, नऊ वरीस बाकावर बसवलं तर पळून का न्हाई गेलास? तर म्हनला, रोज सकाळी चेंडू आडवायला मिळत व्हता की. मंग मी काय बोलनार? पाऊस पडो न पडो, मी बी वावरात जातोच की."

कोल्हापुरात आमची राहायची सोय एका शाळेच्या वर्गात होती. बाकं भिंतीला लावून आम्ही चौदा जणी खाली झोपायचो. पोरी खेळणार म्हणून बघायला अख्खी पेठ लोटली होती. झाडांवर माणसं, कौलांवर माणसं. पहिल्या सामन्यात मी मैदानाच्या कडेला बसले आणि सांगितल्याप्रमाणे चेंडू सोडून नूरचे पाय बघू लागले. सरावात आम्ही शेजारी शेजारी उभ्या असायचो तेव्हा जे कधी दिसलं नव्हतं, ते कडेवरून अर्ध्या तासात दिसलं. उजवीकडे ती सरळ झेपावायची. डावीकडे जायचं असलं की आधी उजवा पाय पाऊलभर मागे टाकायची. डोळ्याचं पातं लवेल एवढाच उशीर. पण तो होता.

मध्यंतरात ती माझ्याकडे पाणी प्यायला आली. मी बाटली दिली. सांगायला दोन वाक्यं लागली असती. मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. शब्द जिभेवर होते आणि मी ते गिळले. उत्तरार्धात तिच्या डावीकडे मारलेला एक साधा चेंडू तिच्या बोटांखालून आत गेला. सामना बरोबरीत सुटला. लिमये मॅडम म्हणाल्या, "नूरबाई, उद्या पुन्हा असं झालं तर शकुंतला उभी राहील. मी भावनाप्रधान नाही." नूर खाली बघत बूट सोडत होती. तिच्या डाव्या कोपरावर सोललेलं होतं. आणि उद्या मी उभी राहीन या विचाराने मला इतका आनंद झाला होता की मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या नळावर नूर एकटी तोंड धूत होती. मी जवळ गेले आणि सांगून टाकलं: उजवा पाय, मागे, पाऊलभर. तिने ओल्या तोंडानेच माझ्याकडे पाहिलं. "हे तुला काल दिसलं?"

"हो."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल मला खेळायचं होतं."

तिने ओढणीला तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, चेंडू घे." शाळेच्या मागच्या अंगणात मी तिच्या डावीकडे चेंडू फेकत राहिले, ती पडत राहिली. त्यानंतरच्या दोन्ही सामन्यांत डावीकडून एकही गोल झाला नाही. आम्ही दुसऱ्या आलो. मी एक मिनिटही मैदानात उतरले नाही. पण ते दोन सामने मला माझ्या पुढच्या सगळ्या सामन्यांपेक्षा स्पष्ट आठवतात. नूर झेपावली की बसल्या जागी माझी बरगडी खेचली जायची, आणि चेंडू तिच्या हातात थांबला की माझ्या तळव्यांना त्याचं चामडं लागायचं.

घरी आल्यावर सकाळी मी इंजिनघराकडे गेले. धुकं होतं. साहेब पायरीवर बशीत चहा ओतून पीत होता. आम्ही कितवे आलो हे त्याने विचारलं नाही, मी खेळले का हेही विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. नूरचा पाय, मध्यंतर, पाण्याची बाटली, नळ. तो चहा प्यायचा थांबला.

"किती दिस गप बसलीस?"

"एक," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. धुक्यात दोन पेरूच्या झाडांकडे तो असा बघत राहिला जणू तिथे कुणीतरी उभं आहे. "मी दोन वरीस गप बसलो व्हतो," तो म्हणाला. "आमचा पयला गोली वरनं येनाऱ्या चेंडूला कच्चा व्हता. मला दिसत व्हतं. सांगितलं न्हाई. मंग त्याला बाकावर बसवला. माज्या तीन मॅचींतल्या दोन तशा मिळाल्यात."

त्याने बशी उपडी करून ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठला, भिंतीशी पडलेला चेंडू उचलला आणि पुढे चालू लागला.

"चल," म्हणाला. "डावीकडं तुजंबी कच्चंच हाय."